मुलाम्याच्या मोडीतून सोनं काढताना: आधी तांबं जाऊ द्या

मुलाम्याच्या तुटक्या साखळ्या, रंग उडालेल्या बांगड्या, जोडीतलं एकच उरलेलं कानातलं असं साठत गेलं की प्रश्न हमखास पडतो: हे ॲसिडात टाकलं तर सोनं निघेल का? निघतं. पण किती निघेल हे ॲसिडावर ठरत नाही, दागिन्यावर सोनं कोणत्या पद्धतीने चढवलंय त्यावर ठरतं. म्हणून बाटलीचं बूच उघडण्याआधी वही-पेन घेऊन बसा. या कामात नुकसान होतं ते बहुतेक या हिशेबाच्या पायरीवर, आणि इजा होते ती घाईच्या पायरीवर.

सोनं किती, याचा हिशेब

साध्या मुलाम्याचा थर मायक्रॉनच्या अंशात मोजतात. स्वस्त नकली दागिन्यांवर तो ०.०५ ते ०.१ मायक्रॉन इतकाच असतो. ०.१ मायक्रॉनचा सोन्याचा पापुद्रा उजेडासमोर धरला तर त्यातून हिरवट प्रकाश आरपार दिसतो, इतका तो पातळ. सोन्याची घनता घन सेंटीमीटरला १९.३ ग्रॅम, म्हणजे ०.१ मायक्रॉन थराच्या एका चौरस सेंटीमीटरवर साधारण ०.१९ मिलिग्रॅम सोनं बसतं.

आता समजा २ मिलिमीटर जाडीच्या पितळी तारेच्या साखळ्या आहेत, एकूण १ किलो. त्यांचा सगळा पृष्ठभाग सुमारे २,३५० चौरस सेंटीमीटर भरतो. सगळीकडे ०.१ मायक्रॉन थर शाबूत आहे असं धरलं तरी सोनं अर्ध्या ग्रॅमच्या आत, ०.४५ ग्रॅम. थर ०.०५ मायक्रॉनचा असेल तर त्याच्याही निम्मं. आणि वापरून झिजलेल्या दागिन्यावर थर शाबूत नसतोच.

दुसरी जात ‘गोल्ड फिल्ड’ची. यात सोन्याच्या मिश्रधातूचा पत्रा उष्णतेने आणि दाबाने पितळेवर चिकटवलेला असतो आणि त्याचं प्रमाण वजनात मोजतात. अशा मालावर ‘१/२० १२ के जीएफ’ असा ठसा सापडतो. अर्थ असा की एकूण वजनाचा विसावा भाग १२ कॅरटचं सोनं आहे. १ किलोत ५० ग्रॅम १२ कॅरट, म्हणजे २५ ग्रॅम शुद्ध सोनं. वजन तेवढंच, आणि एकीकडे अर्धा ग्रॅमही नाही, दुसरीकडे पंचवीस. झिजेचे काही टक्के वजा केले तरी दोन्हींची तुलना होत नाही.

खर्चाची बाजूही लिहा. १ ग्रॅम तांबं विरघळवायला ३२ टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक ॲसिड किमान ३ मिलिलिटर लागतं. किलोभर मोडीला तीन लिटर. नायट्रिक वापरलं तरी साधारण तितकंच किंवा थोडं जास्त. पातळ मुलाम्यात अर्ध्या ग्रॅमसाठी तीन लिटर ॲसिड खर्च होतं आणि तेवढंच विषारी हिरवं पाणी मागे उरतं. माझं मत स्पष्ट आहे: पातळ मुलाम्याची मोड घरी ॲसिडात घालू नये. ती पितळ म्हणून विकावी किंवा भरपूर साठल्यावर शुद्धीकरण करणाऱ्या कारखान्याला द्यावी. घरी हात घालण्याजोगा माल म्हणजे गोल्ड फिल्ड, रोल्ड गोल्ड आणि चांदीवर जाड सोनं चढवलेले दागिने.

वर्गवारी

भिंग, चुंबक, कानस आणि पकड एवढ्या साहित्यावर अर्धं काम होतं.

ठसे आकड्याच्या (साखळीच्या हुकाच्या) मागे, घड्याळाच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला किंवा बांगडीच्या सांध्याजवळ सापडतात. ‘जीएफ’ म्हणजे गोल्ड फिल्ड. ‘आरजीपी’ म्हणजे रोल्ड गोल्ड प्लेट. पद्धत तीच, पण सोनं कमी, बहुतेकदा चाळिसावा भाग किंवा त्याहून कमी. ‘एचजीई’ म्हणजे जाड विद्युत मुलामा; अमेरिकी व्यापारी निकषांप्रमाणे तो २.५ मायक्रॉनचा असायला हवा. ‘जीपी’ आणि ‘जीईपी’ म्हणजे साधा विद्युत मुलामा. ‘९२५’ च्या जोडीला वर सोनेरी रंग दिसत असेल तर आत चांदी आहे. ठसाच नसेल तर पातळ मुलामा समजून चाला.

चुंबकाला चिकटणारा तुकडा वेगळ्या डब्यात टाका. आत लोखंड आहे. पोलादी दागिन्यांवरचा सोनेरी रंग पुष्कळदा सोन्याचा नसतोच, तो टायटॅनियम नायट्राइडचा लेप असतो. त्यात सोन्याचा कणही नाही आणि ॲसिडाला तो दाद देत नाही. काही पोलाद चुंबकाला चिकटत नाही, पण कानस मारली की पितळेसारखं पिवळं न दिसता आरपार करडं-पांढरं दिसतं. असा माल बाजूला ठेवा.

कानस मारल्यावर आतून मऊ आणि राखाडी दिसणारी ओतीव धातू म्हणजे जस्ताचा किंवा कथील-शिशाचा मिश्रधातू. स्वस्त मालात त्यात कॅडमियमही निघतं. ही धातू घरच्या ॲसिडकामात कधीच घेऊ नका. जस्त हायड्रोक्लोरिकमध्ये जोरात फसफसून हायड्रोजन सोडतं, आणि कथलाचा नायट्रिकमध्ये पांढरा चिकट लगदा होतो. तो लगदा गाळणीतून उतरत नाही आणि सोन्याचे कण पोटात धरून बसतो. डाख दिलेल्या जागांवरही कथील असतं. तेवढे सांधे कात्रीने कापून टाका.

खडे, मोती, मीना, स्प्रिंगा, गोंद काढून टाका. बऱ्याच नकली दागिन्यांवर पारदर्शक लाखेचा थर असतो आणि त्याखाली ॲसिड पोचत नाही. ॲसिटोनमध्ये भिजवून, पुसून तो काढावा लागतो. ॲसिटोन पूर्ण उडून जाईपर्यंत तुकडे उघड्यावर वाळवा. ॲसिटोन आणि पेरॉक्साइड एकमेकांत मिसळलेले कधीच चालत नाहीत, त्या मिश्रणातून स्फोटक पदार्थ तयार होतो. हे वाक्य वाचून पुढे जाऊ नका, लक्षात ठेवा.

शेवटी गोल्ड फिल्डचे तुकडे बारीक कापा. सोन्याचा थर जाड आणि सलग असला की ॲसिडाला आत शिरायला वाट नसते. कापलेल्या कडेतूनच ते पितळेपर्यंत पोचतं. मग वजन करून वहीत लिहा.

जागा, भांडी, अंगरखा

घरी म्हणजे घरात नव्हे. स्वयंपाकघर, न्हाणीघर, बंद गॅरेज यांपैकी काहीही चालणार नाही. मोकळी हवा, वाऱ्याकडे आपली पाठ, शेजाऱ्यांच्या खिडक्या दूर, मुलं आणि जनावरं फिरकणार नाहीत अशी जागा हवी. ती नसेल तर हे काम करू नका. त्याला दुसरा पर्याय नाही. हायड्रोक्लोरिकची वाफ आसपासच्या प्रत्येक लोखंडी वस्तूला काही दिवसांत गंज चढवते, यावरून ती फुप्फुसाचं काय करत असेल याचा अंदाज घ्या.

भांडी बोरोसिलिकेट काचेची किंवा जाड एचडीपीई प्लास्टिकची घ्या. स्टील, ॲल्युमिनियम, तांबं यांपैकी काहीच नको. प्रत्येक भांडं एका मोठ्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये ठेवा. काच तडकली तर द्रावण ट्रेमध्ये राहील, आणि त्यात सोनं असेल तर तेही. या कामाचं भांडं पुन्हा कधीही खाण्यापिण्याला वापरायचं नाही.

डोळ्यांना बाजूंनी बंद असलेला गॉगल, त्यावर चेहऱ्याची ढाल, रबरी ॲप्रन, बंद बूट आणि लांब जाड हातमोजे. दवाखान्यात वापरतात ते पातळ नायट्राइल हातमोजे तीव्र नायट्रिकपुढे टिकत नाहीत. कापडी किंवा धुळीचा मास्क या वायूंना अजिबात अडवत नाही. हाताशी वाहतं पाणी हवंच, शिवाय सांडलेल्या ॲसिडावर टाकायला खायचा सोडा. अंगावर थेंब पडला तर सोडा चोळत बसू नका. कपडे काढून निदान १५ मिनिटं पाण्याखाली धरा. डोळ्यात गेलं तरी पापण्या उघड्या धरून तेच करा, आणि लगेच डॉक्टरकडे जा.

नायट्रिक आणि धातूची गाठ पडली की तपकिरी धूर निघतो. तो नायट्रोजन डायऑक्साइड. हुंगल्यावर थोडा खोकला येतो, मग बरं वाटतं, आणि कित्येक तासांनी फुप्फुसात पाणी भरतं. तपकिरी धूर छातीत गेला असेल तर ठणठणीत वाटत असतानाच दवाखान्यात जा आणि कशाचा धूर होता ते सांगा.

ॲसिड नेहमी पाण्यात, हळूहळू. पाणी ॲसिडात कधीच नाही. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन निघतो, त्यामुळे सफाईचा ब्लीच या जागेच्या जवळपासही नको. सायनाइडची पद्धत आणि गरम तीव्र सल्फ्युरिकमधली विद्युत पद्धत कारखान्यांत चालते. घरी दोन्हींचा विचारही करू नका. तीव्र ॲसिडं विकत घेण्यावर आणि साठवण्यावर ठिकठिकाणी कायदेशीर निर्बंध असतात, ते आधी पाहून घ्या.

पितळ विरघळवणं, सोनं तसंच ठेवणं

नवखा माणूस सगळी मोड थेट आम्लराजात, म्हणजे हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिकच्या मिश्रणात टाकतो. आम्लराज सोनं विरघळवतं हे त्याला माहीत असतं, पण तांब्याचं काय होतं याचा विचार झालेला नसतो. द्रावणात तांब्याचा किंवा पितळेचा कण शिल्लक असेपर्यंत विरघळलेलं सोनं पुन्हा त्याच्यावर काळसर भुकटी होऊन बसत राहतं. आम्लराज संपतं, काळा चिखल उरतो आणि सोनं कुठे आहे कळत नाही. सोनं शक्य तितका वेळ घन ठेवायचं आणि बाकीच्यांना विरघळून जाऊ द्यायचं. पहिल्या टप्प्याचं सगळं शहाणपण एवढंच आहे.

तांबं-पितळेच्या मालासाठी मला हायड्रोक्लोरिक आणि हायड्रोजन पेरॉक्साइडची जोडी पसंत आहे. ती सावकाश चालते, तपकिरी धूर होत नाही आणि चूक झाली तर सावरायला वेळ मिळतो. पहिल्या खेपेला ५० ग्रॅमच्या वर जाऊ नका. ५० ग्रॅम ‘१/२० १२ के’ मालात हिशेबाने २.५ ग्रॅम १२ कॅरटचा पत्रा, म्हणजे १.२५ ग्रॅम शुद्ध सोनं असतं. पुढचे आकडे याच मापाचे आहेत.

रुंद तोंडाच्या भांड्यात कापलेले तुकडे पसरा. त्यावर ३२ टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक २०० मिलिलिटर घाला, मग औषधाच्या दुकानात मिळतं ते ३ टक्क्यांचं पेरॉक्साइड ५० मिलिलिटर, थोडं थोडं करून. जास्त तीव्र पेरॉक्साइडची गरज नाही, मिश्रण तापून उसळेल. भांड्यावर काचेची तबकडी नुसती टेकवा. झाकण घट्ट लावलं तर आतला वायू ते फोडेल.

थोड्या वेळात तुकड्यांभोवती हिरवट रंग उतरू लागतो आणि काही तासांत द्रावण पाचूसारखं हिरवंगार होतं. इथून पुढे खरं काम पेरॉक्साइड करत नाही, तयार झालेलं कॉपर क्लोराइड करतं. ते धातूचं तांबं खातं आणि तसं करताना स्वतः दुसऱ्या, काळपट-तपकिरी रूपात जातं. हवेतला ऑक्सिजन मिळाला की पुन्हा हिरवं होऊन कामाला लागतं. म्हणून पेरॉक्साइड ओतत राहण्यापेक्षा फिशटँकच्या छोट्या पंपाने हळू बुडबुडे सोडणं चांगलं. नळी प्लास्टिकची ठेवा आणि पंप दूर, भांड्यापेक्षा वरच्या पातळीला, नाहीतर वाफ त्याला खाईल किंवा द्रावण उलटं नळीत चढेल. रंग काळवंडला की हवा कमी पडतेय समजा. पेरॉक्साइड फार झालं तर थोडं सोनंही विरघळतं, पण भांड्यात धातूचं तांबं शिल्लक आहे तोवर ते परत खाली बसतं.

दिवस लागतात, कधी आठवड्याच्या वर. रोज एकदा प्लास्टिकच्या काडीने हलवा. बारकाईने पाहिलं तर कापलेल्या कडेपासून पितळ आत आत सरकताना दिसतं आणि वरचा सोन्याचा पत्रा जागच्या जागी राहतो. सापाने कात टाकावी तशी शेवटी कडीच्या, तारेच्या आकाराची पोकळ सोनेरी साल मागे उरते. काडीने दाबली की चेपते. आत टणक लागलं तर पितळ बाकी आहे. कापा आणि परत सोडा. पातळ मुलाम्याच्या तुकड्यावरून मात्र साल निघत नाही. बारीक वर्खाचे कण सुटून तरंगतात आणि कागदातूनही निसटतात.

सगळं पितळ गेलं की रात्रभर स्थिर ठेवा. साका बसला की वरचं हिरवं द्रावण हलक्या हाताने निथळून वेगळ्या बरणीत काढा आणि बरणीवर चिठ्ठी लावा. उरलेल्या वर्खावर आधी थोडं सौम्य हायड्रोक्लोरिक घालून धुवा. लगेच पाणी ओतलं तर पांढरं कॉपर क्लोराइड सुटतं आणि वर्खात मिसळतं. मग डिस्टिल्ड वॉटरने, पाणी रंगहीन येईपर्यंत.

चांदीवरच्या सोन्याला ही पद्धत चालत नाही. हायड्रोक्लोरिकमध्ये चांदीवर क्लोराइडचं कवच बसतं आणि काम थांबतं. तिथे नायट्रिक लागतं, निम्म्यास निम्मं डिस्टिल्ड वॉटर घेऊन, आणि ते पाण्यात ॲसिड ओतूनच. नळाचं पाणी नको, त्यातल्या क्लोराइडमुळे द्रावण दुधाळ होतं. तुकडे एकेक सोडा, आधीचा धूर बसल्याशिवाय पुढचा नाही. चांदी विरघळते, सोन्याचे पापुद्रे उरतात. ते गाळून घेतल्यावर द्रावणात तांब्याची स्वच्छ पट्टी ठेवली की चांदी राखाडी कापसासारखी तिच्यावर जमते. ती धुऊन जपून ठेवा. या मालात चांदी वजनाने सोन्याच्या कितीतरी पट असते.

एका मालावर दोन्ही ॲसिडं वापरायची वेळ आली तर मधली धुलाई कसून करा. हायड्रोक्लोरिकचा अंश उरला आणि त्यावर नायट्रिक पडलं की नकळत आम्लराज तयार होतं आणि ज्या सोन्याला हात लावायचा नव्हता तेच द्रावणात जातं.

आता सोनं विरघळवायचं

धुतलेला वर्ख २.५ ग्रॅमच्या आसपास भरेल आणि तो अजून १२ कॅरटच आहे, निम्मं तांबं-चांदी. शुद्ध करायचं तर तो विरघळवून सोनं तेवढं परत खाली पाडायचं.

आम्लराजाचं पुस्तकी प्रमाण तीन भाग हायड्रोक्लोरिक, एक भाग नायट्रिक. ते मिश्रण आधी तयार करून ओतू नका आणि बाटलीत भरून तर कधीच ठेवू नका, वायूच्या दाबाने बाटली फुटते. नायट्रिक जितकं कमी तितकं पुढचं काम सोपं. बीकरमध्ये वर्खावर २५ मिलिलिटर हायड्रोक्लोरिक घ्या, उकळणार नाही इतपत गरम करा, म्हणजे ६०-७० अंश. ड्रॉपरने अर्धा मिलिलिटर नायट्रिक सोडा. फसफस होईल, तपकिरी धूर येईल, द्रावण पिवळं होत जाईल. फसफस पूर्ण थांबली की पुढचा अर्धा. एवढ्या वर्खाला एकूण दीड-दोन मिलिलिटर पुरतं.

इथे एक युक्ती फार उपयोगी आहे. शेवटचा बारीकसा वर्ख विरघळायचा राहिला आणि गरम असूनही हालचाल थांबली, तर तिथेच थांबा. न विरघळलेलं सोनं शिल्लक आहे याचा अर्थ नायट्रिक संपलंय. तो तुकडा पुढच्या खेपेला वापरा. नायट्रिक उरलंच असेल तर गरम द्रावणात सल्फॅमिक ॲसिड चिमूट-चिमूट टाका, फेस येणं थांबेपर्यंत. क्षार काढायच्या पावडरींमध्ये ते असतं, मात्र शुद्ध घ्या. यासाठी युरिया टाकायला सांगतात, पण त्याने नायट्रिक जात नाही, नको.

गार झालेलं द्रावण तिप्पट थंड डिस्टिल्ड वॉटरमध्ये ओता आणि रात्रभर ठेवा. तळाशी पांढरा साका बसेल, ती क्लोराइड झालेली चांदी. दाट कागदातून गाळा. खाली स्वच्छ पिवळं, तांब्यामुळे किंचित हिरवट द्रावण आलं पाहिजे. गढूळ असेल तर परत गाळा.

विरघळलेलं सोनं म्हणजे गेलेलं सोनं, अशी धास्ती वाटते. १९४० मध्ये कोपनहेगनवर जर्मन सैन्य आलं तेव्हा रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज द हेवेशी यांनी माक्स फॉन लाउए आणि जेम्स फ्रँक यांची नोबेल पदकं आम्लराजात विरघळवून बरणी प्रयोगशाळेच्या फळीवर ठेवून दिली. युद्धानंतर बरणी तशीच सापडली, सोनं खाली पाडलं गेलं आणि पदकं नव्याने घडवली गेली. चिठ्ठी लावलेल्या बरणीतलं सोनं कुठेही जात नाही. ते जातं बिनचिठ्ठीच्या बरणीतून, कोणीतरी मोरीत ओतल्यावर.

खाली पाडणं

त्याआधी चाचणीचं द्रावण हवं. शुद्ध कथलाचा छोटा तुकडा गरम हायड्रोक्लोरिकमध्ये विरघळवला की स्टॅनस क्लोराइड तयार होतं. गाळणकागदावर सोन्याच्या द्रावणाचा थेंब, त्यावर याचा थेंब. जांभळा ते काळा डाग उठला की सोनं आहे. अगदी थोडं सोनं असलं तरी हा जांभळेपणा दिसतो. हे द्रावण जुनं झालं की निकामी होतं, म्हणून बाटलीत कथलाचा कण राहू द्या आणि खात्रीच्या सोन्याच्या द्रावणाचे थोडे थेंब वेगळे जपा. चाचणीत डाग आला नाही तर आधी त्या थेंबांवर तपासा.

सोनं पाडायला सोडियम मेटाबायसल्फाइट जास्त वापरतात, पण त्यातून गंधकाचा गुदमरवणारा वायू सुटतो. घरच्यासाठी मी हिराकस (फेरस सल्फेट) सुचवेन. १ ग्रॅम सोन्याला हिशेबाने सव्वाचार ग्रॅम हिराकस लागतो. आपल्या सव्वा ग्रॅमला ८ ग्रॅम घ्या. कोमट डिस्टिल्ड वॉटरमध्ये थोडं हायड्रोक्लोरिक घालून विरघळवा, गाळा आणि सोन्याच्या द्रावणात हळूहळू ओता. द्रावण तपकिरी गढूळ होतं. द्रावण एकाएकी काळपट-तपकिरी होऊन बुडबुडे आले तर नायट्रिक उरलं होतं. आणखी हिराकस लागेल. सोनं इथे सोनेरी दिसत नाही. तळाशी चॉकलेटी भुकटी जमते आणि ती पाहून पुष्कळजण निराश होतात. ते सोनंच आहे.

रात्रभर ठेवा. वरच्या निवळीची स्टॅनस क्लोराइडने चाचणी घ्या. डाग नाही, तर सगळं पडलं. निवळी काढा, भुकटी त्याच बीकरमध्ये ठेवून सौम्य हायड्रोक्लोरिकने गरम धुवा. लोखंडाची पिवळट छटा जाईपर्यंत परत परत धुवा, मग गरम पाण्याने. प्रत्येक धुण्याचं पाणी साठवा.

सोन्याच्या कोणत्याही द्रावणात, गाळात किंवा धुण्यात अमोनिया घालू नका. त्यातून तयार होणारा सोन्याचा क्षार वाळला की नुसत्या घासण्याने फुटतो. चांदीच्या क्लोराइडचीही तीच गोष्ट. अमोनियात विरघळवून ठेवून दिलं की स्फोटक साका धरतो.

वितळवणं

भुकटी मंद आचेवर पूर्ण वाळवा. मूस नवी असेल तर आधी तापवून ओल घालवा आणि टाकणखार वितळवून आतून काचेसारखा थर चढवा. त्या थराशिवाय सोन्याचे कण मुशीच्या खरखरीत अंगात अडकतात. ज्योत सुरुवातीला दुरून आणि मऊ ठेवा, नाहीतर जोराने भुकटीच उडून जाईल. सोनं १०६४ अंशांना वितळतं. साध्या गॅसच्या ज्योतीने ते जमायला कठीण, ऑक्सिजनची जोड लागते. चॉकलेटी भुकटी आधी आवळते, मग कडेला पिवळी चमक येते आणि बघता बघता तिचा थरथरता गोळा होतो. टाकणखार हिरवा-निळा झाला तर अजून तांबं आहे. जास्त कस हवा असेल तर गोळा पत्र्यासारखा ठोकून विरघळवणं-पाडणं पुन्हा एकदा करावं. वजन करा, वहीतल्या १.२५ ग्रॅमशी ताडून पाहा. तूट मोठी असेल तर सोनं बरण्यांमध्ये आहे; प्रत्येक निवळीची चाचणी घेत मागे जा.

उरलेलं पाणी

हिरव्या पाण्याच्या बरण्या मोरीत, गटारात, जमिनीत कुठेही ओतायच्या नाहीत. तांबं थोडंसुद्धा माशांना आणि पाण्यातल्या जीवांना मारतं, आणि त्यासोबत निकेल, शिसंही असू शकतं. हे काम सोनं काढण्याइतकंच तुमचं आहे; त्यासाठी वेळ नसेल तर मोड ॲसिडात टाकू नका.

आधी सगळ्या निवळ्यांमध्ये तांब्याची पट्टी दिवसभर ठेवा. राहिलेलं सोनं-चांदी तिच्यावर काळी भुकटी होऊन जमेल. ती जपा. मग पट्टी काढून भरपूर पाणी घाला आणि लोखंडाचे तुकडे सोडा. नायट्रिक असलेलं पाणी असेल तर थोडं थोडं, उघड्यावर, धूर येतो. तांबं लालसर गाळ होऊन खाली बसतं. स्वच्छ खिळा बुडवून काढल्यावर त्यावर तांबूस थर येईनासा झाला की तांबं संपलं. गाळ वेगळा करा आणि पाण्यात धुण्याचा सोडा किंवा चुन्याची निवळी हळूहळू घाला, पीएच कागद ९ ते १० दाखवेपर्यंत. सोड्याने जोरात फेस येतो, भांडं मोठं घ्या. लोखंड, जस्त, निकेल यांचा हिरवट-तपकिरी चिखल बसेल. १०च्या पलीकडे मात्र जाऊ नका, फार अल्कधर्मी पाण्यात बसलेलं जस्त पुन्हा विरघळू लागतं. दोन दिवस ठेवून गाळा. वरचं पाणी सौम्य ॲसिडाने पीएच ७ च्या आसपास आणा. चिखल वाळवून, बंद डब्यात, ‘जड धातूंचा गाळ, तांबं-जस्त-निकेल’ अशी चिठ्ठी लावून घातक कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या. पाणीही तिथे घेत असतील तर तेही द्या.